डाव्या खिशातला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. जुना म्हणजे केवळ वयाने जुना नव्हे, तर रीतसर शिक्का मारून जुना केलेला. माझ्या पहिल्या पानावर 'रद्द' असा तिरका शिक्का आहे आणि माझा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे. ज्या कार्यालयाने मला जगात पाठवले त्याच कार्यालयातल्या कारकुनाने तो कापला, आणि कापताना तो शेजारच्या बाईशी बिघडलेल्या पंख्याबद्दल बोलत होता. मला दुखले नाही; पण निदान माझ्याकडे बघून तरी कापायचे होते.

हल्ली मी एका खणात असतो. मऊ फडक्यात गुंडाळलेला, कोरडा, सुरक्षित. सोबतीला एक मोजपट्टी आणि एक बंद पडलेली विजेरी आहे, दोघीही अबोल. सकाळी मालक एकदा खण उघडतात, तेवढाच काय तो उजेड. मला त्यांना एक शब्द सांगायचा आहे. अगदी एकच. तो अजून सांगता आलेला नाही आणि त्यावाचून दोन माणसे एकमेकांची वाट बघत बसली आहेत. म्हणून तुम्हाला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. पानांवर बारीक नक्षी छापली, मधोमध पक्क्या दोऱ्याची शिलाई घातली आणि वर जाड निळे वेष्टन चढवले. माझ्यासारखी कितीतरी भावंडे एकाच गठ्ठ्यात होती. दिसायला सगळी सारखी आणि आतून सगळी कोरी. कुणाच्या वाट्याला कोण येणार, याची गठ्ठ्यात सारखी कुजबुज चाले. कुणाला व्यापारी हवा होता, कुणाला खेळाडू. मला विमान चालवणारा हवा होता. मिळाले ते खिळ्यांच्या कारखान्यातले फोरमन.

त्यांचा फोटो माझ्यात छापला गेला तेव्हा मी जरा खट्टूच झालो. पासपोर्टच्या फोटोत माणसाने नाकासमोर बघायचे असते. आमच्या मालकांची मान मात्र डावीकडे वळलेली. त्याचे कारण असे, की फोटोग्राफर "काका, सरळ बघा" म्हणत होता आणि मालक ते ऐकण्यासाठी उजवा कान पुढे करत होते. तो जितके सांगे तितकी यांची मान वळे. शेवटी फोटोग्राफरने हात टेकले. पुढे सीमेवरचा प्रत्येक अधिकारी माझे ते पान उघडून आधी स्वतःची मान वाकडी करायचा आणि मगच मालकांकडे बघायचा.

खिळ्यांचे यंत्र तुम्ही पाहिले आहे का? तारेचे वेटोळे एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने टोकदार खिळे पडतात. प्रत्येक खिळ्याला एक ठोका. मालकांची उभे राहायची जागा अशी, की यंत्र कायम डाव्या हाताला. उमेदीची सगळी वर्षे ते ठोके एकाच कानाने झेलले आणि तो कान कामातून गेला. उजवा बरा होता, पण त्यालाही माणूस समोर लागायचा. ओठ दिसले तर मालकांना बोलणे कळे. फोनवर मात्र सगळा खडखडाट.

ऐकू येत नाही याची त्यांना फार लाज वाटे. त्यामुळे "काय म्हणालात?" असे ते चुकूनही विचारत नसत. डावीकडून कुणी काही बोलले, की गंभीर चेहरा करून मान हलवायची. ती मान इतकी समजूतदारपणे हले की बोलणाऱ्याला वाटे, यांना शब्दन्‌शब्द पटला. आणि गंमत बघा, शर्टाचा खिसा असतो डाव्या बाजूला. म्हणजे जे मालकांना ऐकू येत नसे, ते सगळे मला ऐकू येई. एवढे ऐकून मुकाट बसणे किती जड जाते, ते खिशात राहिल्याशिवाय कळणार नाही.

मालकांची पत्नी लवकर गेली. मूलबाळ नव्हते. सख्खे म्हणावे असे एकच माणूस उरले होते, त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन ताई सीमेपलीकडच्या देशात गेल्या आणि तिथल्याच झाल्या. त्या देशात जायला व्हिसा लागतो. व्हिसा म्हणजे "या, तुम्हाला येऊ देतो" अशी त्या देशाची परवानगी. ती माझ्या एका पानावर चिकटवली गेली, चांगली रंगीत आणि लांब मुदतीची. माझे आयुष्य संपले तरी ती संपणार नव्हती. ते माझे सगळ्यांत लाडके पान.

ती वर्षे फार सुखाची होती, मित्रांनो. कारखान्याला सुट्टी लागली की मालक मला खिशात घालत आणि आम्ही निघत असू. रांगेत उभे राहायचे, काचेपलीकडच्या हातात जायचे, धप्पकन शिक्का खायचा आणि पुन्हा खिशात. पलीकडे ताई दारातच उभ्या असत. त्यांचा आवाज खणखणीत, ठोक्यांवरही मात करणारा. मालक त्यांच्या समोरची खुर्ची ओढून घेत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. जगातल्या या एकाच माणसाचे बोलणे त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत कळे.

ताई भावाला 'ठोक्या' म्हणत. लहानपणी तो दिसेल तिथे खिळा ठोकत असे म्हणून. त्या बोलायला फटकळ होत्या आणि कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. "एकदा सांगितलं ते सांगितलं. मी काय घंटा आहे, तासातासाला वाजायला?" असे म्हणायच्या. मालक हसायचे. ताईंच्या घरी ते जितके हसत, तितके आमच्या घरी कधीच हसले नाहीत.

मग मालक निवृत्त झाले आणि त्याच सुमारास माझीही मुदत संपली. कार्यालयात गेलो, कोपरा कापून घेतला, शिक्का खाल्ला. मालकांना माझ्या जागी एक नवा, करकरीत पासपोर्ट मिळाला. त्याच्यातला फोटोही सरळ होता. कारकुनाने आम्हा दोघांना खिडकीच्या डाव्या फटीतून पुढे सरकवले आणि तो म्हणाला, "जुना टाकू नका हां. यातला व्हिसा अजून चालू आहे. प्रवासाला दोन्ही बरोबर न्यायचे."

मालकांनी गंभीरपणे मान हलवली. मी मनात म्हटले, झाले!

घरी आल्यावर त्यांनी मला उलटून पाहिले, 'रद्द' हा शब्द बोटाने चाचपला आणि सुस्कारा टाकला. मालकांच्या घरात एक टेबल आहे. त्याचा एक पाय किंचित आखूड असल्याने ते सतत डुगडुगे आणि जेवताना आमटी सांडे. मालकांनी कागदाच्या घड्या लावून पाहिल्या होत्या, पुठ्ठा लावून पाहिला होता. कधी जाड होई, कधी पातळ. त्यांनी माझ्याकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले. मी काय समजायचे ते समजलो. माझी जाडी अगदी नेमकी बसली.

सीमेवरच्या साहेबांनी दोन हातांनी उघडलेला मी, टेबलाच्या पायाखाली गेलो. तिथे अंधार होता, धूळ होती आणि मुंग्यांची ये-जा होती. वरून मालकांच्या ताटाचा आवाज येई. एकटा माणूस जेवतो तेव्हा फार थोडे आवाज होतात. नवा पासपोर्ट डब्यात ठेवलेला होता, त्यामुळे त्याच्याशीही बोलणे नाही. सुरुवातीला मला राग येई. नंतर नुसते वाटे, की कुणीतरी एकदा टेबल उचलावे.

एक दिवस खाली इस्त्रीचे दुकान चालवणारी शेजारीण वर आली. मालकांचे निरोप तीच वाचून दाखवी आणि लिहूनही देई. तिच्या बोलण्यावरूनच मला सगळे कळले. ताईंच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचणार होता. पण डॉक्टर घशातली बोलण्याची जागाच काढून टाकणार होते. त्यानंतर ताईंना कधीही बोलता येणार नव्हते.

"काका, तुमचा भाचा लिहितोय, आईशी फोनवर बोलून घ्या," शेजारीण त्यांच्या समोर येऊन सावकाश म्हणाली.

"फोनवर मला काय कळणार, डोंबल?" मालक म्हणाले. "मी जातो. ऑपरेशनच्या आधी पोचलो पाहिजे. तिचं बोलणं एकदा नीट ऐकायचंय मला."

तिनेच तिकीट काढून दिले. आदल्या दुपारी पोहोचायचे, संध्याकाळभर समोर बसायचे, असे ठरले. सकाळी मालकांनी डब्यातून नव्याला काढले, खिशात घातले, दाराला कुलूप लावले आणि जिना उतरून गेले. मी त्यांच्या प्रत्येक पायरीला ओरडत होतो, "मला न्या! व्हिसा माझ्याकडे आहे!" पण पासपोर्टचे ओरडणे मुंगीलाही ऐकू येत नाही.

बराच वेळ गेला. मग जिन्यावर धावती पावले वाजली, जवळच्या जादा किल्लीने कुलूप उघडून शेजारीण आत शिरली. तिच्या फोनमधून एका मुलीचा आवाज येत होता. ती विमानतळावरच्या खिडकीवरची मुलगी होती. मालकांना फोनवर कळत नसल्यामुळे तीच बिचारी मधे उभी राहून इकडचे तिकडे सांगत होती. मागून मालकांचा चढलेला आवाज येई.

"रद्द केलाय हो तो! त्याचं काय करायचंय?"

"आजोबा, पासपोर्ट रद्द झालाय, व्हिसा रद्द नाही. तो जुना दाखवल्याशिवाय मला तुम्हाला विमानात बसवता येणार नाही."

मग शोधाशोध सुरू झाली. कपाटाचा वरचा खण झाला, खालचा झाला, गादीखाली झाले, खिळ्यांचे डबे पालथे घालून झाले. शेजारीण प्रत्येक वेळी "नाही" म्हणे, मुलगी तो "नाही" मालकांना सांगे आणि मालक आणखी एक चुकीची जागा आठवत. मी तिच्या पावलापासून हातभर अंतरावर होतो. आपल्याला कुणी इतक्या जिवाच्या आकांताने शोधावे आणि आपण समोर असून सापडू नये, यासारखी शिक्षा नाही.

"कपाटावर काहीतरी दिसतंय," शेजारीण म्हणाली. "थांबा, टेबलावर चढून बघते."

मुलीने ते तिकडे सांगितले. लगेच मालक ओरडले, "चढू नको म्हणावं! डुगडुगतं ते, पडेल ती!"

"चढू नका, टेबल डुगडुगतं म्हणतायत."

"कुठे डुगडुगतंय?" शेजारीण वरून म्हणाली. "चांगलं खंबीर उभं आहे की."

"नाही डुगडुगत म्हणतात, आजोबा."

नंतर मालकांचा आवाज आला, अगदी बारीक. "अगं आई गं! पायाखाली बघ म्हणावं."

"पायाखाली बघा म्हणतात."

"कुणाच्या पायाखाली? माझ्या?"

"टेबलाच्या!" हे मात्र मालकांनी इतक्या जोरात सांगितले की मधल्या मुलीची गरजच पडली नाही.

शेजारणीने टेबल उचलले आणि मी उजेड पाहिला. तिने मला साडीच्या पदराने पुसले आणि दुकान तसेच उघडे टाकून टॅक्सी पकडली. इस्त्री बंद केली की नाही, हे तिला वाटेत आठवेना, त्यामुळे रस्ताभर ती स्वतःलाच शिव्या देत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे विमान गेलेले होते. खिडकीवरच्या मुलीने खटपट करून मालकांना पुढच्या विमानात जागा मिळवून दिली. पण ते विमान वाट वाकडी करून जाणारे होते. ताईंबरोबरची ती संध्याकाळ गेली ती गेलीच.

मालकांनी मला नव्याबरोबर डाव्या खिशात ठेवले आणि वरून हात दाबून धरला. तो हात पूर्ण प्रवासात तसाच होता. मला वाईटही वाटत होते आणि खरे सांगू, खूप बरेही वाटत होते.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा शस्त्रक्रियेची सकाळ उजाडली होती. ताई पलंगावर बसल्या होत्या. आवाज घोगरा झाला होता, पण धार तीच.

"आलास? काल येणार होतास ना?"

मालकांनी खुर्ची ओढली आणि सगळे खरे सांगून टाकले. ताई डोळे मोठे करून ऐकत राहिल्या.

"टेबलाखाली? अरे ठोक्या, विटेचा तुकडा नाही मिळाला तुला गावात? आयुष्यभर खिळे ठोकलेस, त्या टेबलाला एक लाकडाचा तुकडा ठोकता नाही आला?"

नर्स म्हणाली, "आजी, जास्त बोलू नका."

"आता नाही बोलायचं, तर काय दुपारी बोलायचं?" ताई म्हणाल्या.

मग ताईंनी भावाची जी हजेरी घेतली, तिला तोड नव्हती. लहानपणी त्याने आजोबांची चप्पल उंबऱ्याला खिळ्याने ठोकली होती, तिथपासून सुरुवात झाली. मधे त्याची कळकट कॉलर आली, एकटे राहून नीट न जेवणे आले, रक्तदाबाच्या गोळ्या आल्या.

"गोळ्या घेतोस का रोज?"

"आठवलं की घेतो."

"म्हणजे घेत नाहीस. शहाणाच आहेस."

मालक ताईंच्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते हसत होते. इतके मन लावून बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग ढकलगाडी घेऊन माणसे आली. ताईंना तिच्यावर निजवले. मालक बाजूला सरकून भिंतीशी उभे राहिले. गाडी त्यांच्या डाव्या बाजूने पुढे गेली, दारापाशी वळली आणि ढकलणाऱ्या माणसाआड ताईंचे ओठ दिसेनासे झाले. तेव्हा ताई म्हणाल्या, "येत जा रे."

हळू म्हणाल्या. फटकळपणा अजिबात नव्हता त्यात. मी इतकी वर्षे त्यांना ऐकत होतो, पण काही मागताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकले.

मालकांनी गंभीरपणे मान हलवली. ताईंनी ती मान पाहिली, डोळे मिटले आणि गाडी आत गेली. नवा पासपोर्ट माझ्या पाठीशी होता, पण त्याला फक्त यंत्रांची भाषा कळते. तो शब्द नीट ऐकणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. मालक काही आठवडे तिथे राहिले. ताई हाताने खुणा करत, पाटीवर कामापुरते लिहीत. एकदा सांगितलेले पुन्हा सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि भावाने तर मान हलवलेली होती. मग आम्ही परत आलो. मालकांनी टेबलाच्या पायाला लाकडाचा तुकडा ठोकला आणि मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवले.

त्या दिवशी शेजारीण चौकशीला आली. तेव्हा मालक तिला अभिमानाने म्हणाले, "जाता जाता शेवटचं काय बोलली माहितीय? 'घेत जा रे.' गोळ्यांचं म्हणत होती. तिकडे ती तशी, आणि काळजी माझ्या गोळ्यांची."

'येत जा' आणि 'घेत जा'. मित्रांनो, किती थोडा फरक आहे हो!

तेव्हापासून मालकांनी एकही गोळी चुकवलेली नाही. गोळ्या माझ्याच खणात असतात. रोज सकाळी खण उघडतो, मालक गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "घेतली गं ताई." मग खण बंद होतो. एकदा त्यांनी शेजारणीकडून ताईंना निरोप लिहवला, "तू शेवटी सांगितलंस ते रोज पाळतो." ताईंचे उत्तर एका शब्दाचे आले. शेजारणीने वाचून दाखवले, "दिसतंय!"

मालक दिवसभर खूश होते. त्यांना ती शाबासकी वाटली. मी खणात तळमळत होतो, कारण ताईंचा तो सूर दुसऱ्याने वाचून दाखवला तरी मला ओळखता येतो.

मधे एकदा शेजारणीने विचारले, "काका, पुन्हा एक चक्कर नाही का मारायची?"

"तिने बोलावलं की जाईन," मालक म्हणाले. "तिला आता पाहुण्यांचा त्रास नको. हवं असेल तर सांगेल की ती. ती काय भिडस्त आहे?"

तिकडे ताई समजतात की भावाने कबूल केले आणि तो येत नाही. इकडे भाऊ समजतो की बहिणीने बोलावले नाही. दोघांचे वय झाले आहे. माझ्या पानावरचा व्हिसा अजून चालू आहे, पण त्याचीही मुदत आता जवळ आली आहे. मला जपतात, पुसतात, वाळवी लागू नये म्हणून खणात डांबरगोळी टाकतात. पण आम्हा पासपोर्टांना जपणे म्हणजे नुसते कोरडे ठेवणे नव्हे. ज्या माणसाकडे जाण्यासाठी आम्ही केले गेलो, त्याच्याकडे आम्हाला नेणे म्हणजे जपणे. हे मला टेबलाखालीही इतके बोचले नव्हते, जितके या मऊ फडक्यात बोचते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्यापैकी कुणी इस्त्रीच्या दुकानाचा जिना चढून त्या घरी गेलात, तर मालकांच्या डाव्या बाजूला उभे राहू नका. समोर या, तुमचे ओठ त्यांना दिसू द्या. ते मान हलवतील, तिच्यावर विश्वास ठेवू नका, पुन्हा सांगा. त्यांना सांगा, गोळ्यांचे नव्हते ते. ताई 'ये' म्हणाल्या होत्या.